बाहेरून

भाऊबीजेला अंबाजोगाईला ताईकडे गेलो होतो. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. फराळाचं ताट पुढे आलं आणि ताटाबरोबर दाजींचा मोबाईलही आला. स्क्रीनवर बोर्डाची पीडीएफ होती : खाजगी विद्यार्थी, नमुना क्रमांक १७.

"तू तिकडं पुण्याला दिवसभर असलेच फॉर्म बनवतूस ना? मग हिचा आता कोणता भरायचा ते सांग."

'ही' म्हणजे माझी भाची, वय वर्षं तेरा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती दुसरीत होती. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ताई म्हणाली, यंदाचं वर्ष राहू द्या. पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. ताई गणिताच्या शिकवण्या घेते, दाजींचं खताबियाणांचं दुकान आहे, आणि या दोन ठिकाणी बसून पोरगी शिकत गेली. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही वाचते. बीजगणितात ती माझ्या त्या वयाच्या पुढे आहे. दुकानाची उधारीची वही गेल्या वर्षापासून तीच लिहिते. घरात कुणी 'होमस्कूलिंग' हा शब्द वापरत नाही. कुणी विचारलं तर आई सांगते, "घरीच असती."

पण मे महिन्यात ती चौदा पूर्ण करील आणि नातेवाईकांचा प्रश्न बदलला आहे. आधी विचारायचे, शाळेत का घालत नाहीत? आता विचारायलेत, दहावीचं काय?

दाजींकडे याचं एक उत्तर ठरलेलं असतं. "लीलावती कोणत्या शाळेत गेली होती?" बीडमध्ये हा डायलॉग चालून जातो, त्याला कारण आहे. भास्कराचार्यांनी आपलं गाव 'विज्जलविड' असं सांगितलंय आणि ते गाव म्हणजे आपलं बीडच, असं मानणारे लोक आहेत. दुसरे अभ्यासक ते गाव दुसरीकडे नेतात आणि हा वाद मिटलेला नाही. ११५० च्या सुमाराच्या त्या ग्रंथात गणितं एखाद्या मुलीला विचारावीत तशी विचारली आहेत. ती मुलगी भास्कराचार्यांची लेक होती, ही गोष्ट मात्र आपल्यापर्यंत येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून. म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. मी दाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. परीक्षा तर दिली नव्हती ना तिनं?"

नव्हती दिली. लीलावतीला दहावीचा फॉर्म भरायचा नव्हता, आमच्या पोरीला भरायचा आहे. मग पुण्याला परत आल्यावर मी रात्री बसून वाचायला लागलो. शाळेच्या बाहेर शिकलेल्या मुलांनी आपल्याकडे परीक्षा दिल्या कशा? कुणी घेतल्या? मला वाटलं होतं की हा प्रश्न नवा असेल, मुंबई-पुण्याच्या चार हौशी पालकांचा. तसं अजिबात नाही. आपल्याकडची आधुनिक परीक्षा जवळजवळ बाहेरच्यांसाठीच जन्माला आली होती.

*

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ ला स्थापन झालं. आज विद्यापीठ म्हटलं की आपल्याला वर्ग, प्राध्यापक, कॅन्टीन आठवतं. त्या विद्यापीठात यातलं काही नव्हतं. ते शिकवत नव्हतं, फक्त परीक्षा घेत होतं. नमुना लंडन विद्यापीठाचा होता आणि १८५८ मध्ये खुद्द लंडनने तर कॉलेजात पाऊल न ठेवलेल्यांनाही पदवी परीक्षा खुल्या केल्या. तुम्ही कुठे शिकलात ही तुमची बाब, आम्ही फक्त तपासणार, असा तो विचार. १८५९ मध्ये मुंबईची पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिकला घरी अभ्यास करून बसणारेही असत. आपण अजूनही म्हणतो तो 'बाहेरून दिली' हा शब्दप्रयोग त्याच जगातला आहे.

ऐकायला मोकळंढाकळं वाटतं. पण मी पोटापाण्यासाठी फॉर्म लिहितो, म्हणजे विमा कंपन्यांच्या वेबसाईटवरचे. त्यामुळे माझी नजर प्रश्नपत्रिकेआधी अर्जावर जाते. ज्या रकान्यापुढे लाल चांदणी असते तो रिकामा ठेवता येत नाही. 'सबमिट' दाबलं की पान वर सरकतं आणि लाल अक्षरांत काहीतरी लिहून येतं. खरं सांगायचं तर ती चांदणी कुठे द्यायची हे बऱ्याचदा एका मीटिंगमध्ये पाच मिनिटांत ठरतं. कुणीतरी म्हणतो, "हे कंपल्सरी करून टाक," आणि मी करून टाकतो. तो रकाना नसलेला माणूस त्या खोलीत नसतो.

जुने किस्से वाचताना मला सारखी ही चांदणी दिसत राहिली. बाहेरच्या मुलाला पेपरने अडवलं असं क्वचितच दिसतं. तो अडतो पेपरच्या आधीच.

सगळ्यात ठळक उदाहरण महर्षी कर्व्यांचं. मुरूड हे दापोलीजवळचं समुद्रकाठचं गाव. १८७५ मध्ये तिथल्या या मुलाने गावातल्या सोमण गुरुजींच्या हाताखाली अभ्यास करून मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेची तयारी केली. त्या परीक्षेवर नोकरी मिळायची, म्हणून वयाची अट होती सतरा वर्षं पूर्ण. केंद्र साताऱ्याला. मधे सह्याद्री. हा मुलगा मित्रांबरोबर पायी निघाला, कुंभार्ली घाट चढला आणि साधारण ११० मैल चालून साताऱ्याला पोचला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वय विचारलं. सतरा म्हणाला. शाळेचा दाखलाही तेच सांगत होता. पण मुलगा अंगाने किरकोळ, दिसायला लहान. तू सतराचा दिसत नाहीस, म्हणून बसू दिलं नाही.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. म्हणजे सतरा खरोखरच पूर्ण होती. अटीत बसणारा मुलगा, हातात दाखला, अभ्यास झालेला, आणि त्याला पहिला प्रश्नसुद्धा विचारला गेला नाही. पुढे त्यांनी ती परीक्षा कोल्हापूरहून दिली आणि पासही झाले. पण साताऱ्याची ती परत फिरण्याची गोष्ट त्यांनी म्हातारपणीही विसरली नव्हती, 'आत्मवृत्ता'त ती तपशिलाने आली आहे.

कर्वे परत फिरले त्यानंतर तीनच वर्षांनी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्याच वयाच्या एका मुलीची परीक्षा झाली. तिला तर कोणत्याच शाळेचा दाखला नव्हता. ही रमाबाई डोंगरे, पुढच्या पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना पंडितांच्या सभेत जाब द्यावा लागला होता. त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकवलं : पहाटे, घरकाम सुरू व्हायच्या आत. घर असं नव्हतंच फारसं. हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराण सांगत फिरायचं. भागवताचे १८ हजार श्लोक मुलीला पाठ. दुष्काळात आईवडील गेले, बहीणभाऊ चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले.

तिथे पंडितांनी तिची परीक्षा घेतली. संस्कृतात प्रश्न विचारले, तिने संस्कृतात उत्तरं दिली. तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. तोंडी परीक्षा होती, निकाल लगेच लागला. वीस वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं नाही की तुझी शाळा कोणती, इयत्ता कोणती, मागच्या वर्षीचा निकाल कुठाय.

मला हा प्रसंग फार सोवळा करून सांगायचा नाही. ती परीक्षा घेणारी माणसं ठरावीक जातीची होती, मुलगीही त्याच जातीची. त्या सभेत दुसऱ्या कुणाला उभंही राहू दिलं नसतं. त्या परीक्षेला फॉर्म नव्हता कारण तो फॉर्म जन्मानेच भरलेला असायचा. छापील अर्ज निदान सगळ्यांना तेच रकाने विचारतो. साताऱ्याचा साहेब चुकला, पण त्याचा नियम कुणाच्याही मुलाला लागू होता. या दोन परीक्षांमध्ये मला निवड करता येत नाही, आणि ताईला कोणती परीक्षा निवडू हे सांगताना मी इथेच अडखळत होतो.

कर्व्यांनी पुढे स्वतःच एक विद्यापीठ काढलं, १९१६ मध्ये, फक्त बायकांसाठी. आज ते एस.एन.डी.टी. म्हणून ओळखलं जातं. शिकवायचं मातृभाषेतून. आणि ज्यांना वर्गात येऊन बसणं शक्य नाही त्यांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची सोय. लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या, विधवा : अशा बायका घरून शिकून पदवीपर्यंत गेल्या. कुंभार्ली घाट चढून गेलेल्या माणसाला केंद्र किती लांब असतं ते माहीत होतं, एवढंच म्हणतो.

*

हे सगळं इंग्रजांच्या मुलखातलं झालं. आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथली अडचण वेगळी होती. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, देशी भाषेत शिकवणारं विद्यापीठ म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते बरोबरही आहे. फक्त ती देशी भाषा उर्दू होती. मराठी घरातल्या मुलाने घरात एका भाषेत बोलायचं आणि परीक्षा दुसऱ्या भाषेत द्यायची. माझ्या पणजोबांच्या दोन सह्या आमच्या घरच्या कागदांवर आहेत, एक मोडीत आणि एक उर्दूत. लहानपणी मला वाटायचं ते दोन वेगळे लोक असावेत.

या व्यवस्थेच्या बाहेर राहायचं ठरवलेल्या शाळाही इथे निघाल्या. १९२१ मध्ये हिप्परगा इथे, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे तिथे मुख्याध्यापक म्हणून आले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. नंतर त्यांनी अंबाजोगाईतही शिकवलं. राष्ट्रीय शाळांचा प्रश्न आमच्या भाचीसारखाच होता : शिकवलं मनासारखं, पण शिक्का कुणाचा? त्याच १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. सरकारी शाळा-कॉलेजं सोडलेल्या मुलांना सरकारच्या बाहेरची परीक्षा आणि पदवी देणारं. शिक्का नाकारायचा तर दुसरा शिक्का तयार करावा लागतो, हे त्या पिढीने लवकर ओळखलं.

आणि १९३८ मध्ये शिक्का काढून घेतल्यावर काय होतं तेही दिसलं. हैदराबादच्या आणि औरंगाबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचं ठरवलं. मनाई झाली, त्यांनी ऐकलं नाही, शेकडो जणांना काढून टाकलं. अभ्यास करणारी मुलं, आणि संस्थानातलं कोणतंही कॉलेज घेईना. नागपूर विद्यापीठाने दार उघडलं. तेव्हा तिथे केदार कुलगुरू होते. तिथे गेलेल्यांमध्ये पी. व्ही. नरसिंह राव होते, पुढचे पंतप्रधान. एका विद्यापीठाने बाहेर काढलेली मुलं दुसऱ्याने आत घेतली म्हणून वाचली. दुसरं विद्यापीठ नसतं तर त्यांचं सगळं शिकणं फुकट होतं असं कुणी म्हणणार नाही, पण दाखवायला हातात काय होतं?

*

आता परत दाजींच्या मोबाईलवर.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाकडून बोर्डाकडे गेली. मुंबई राज्यात १९४९ पासून एस.एस.सी. सुरू झाली. आताचं राज्य मंडळ १९६६ चं. बीड त्याच्या छत्रपती संभाजीनगर विभागात येतं. आणि त्या मंडळाचा 'सतरा नंबर' हा आमच्याकडे घराघरांत माहीत असलेला आकडा आहे. "पोरगं सतरा नंबरवर बसलंय" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. अटी अशा : चौदा वर्षं पूर्ण, किमान पाचवी पास, आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र.

चौदा वर्षं मेमध्ये होतील. दाखला आहे, दुसरीचा. पाचवी पास? ती घरी झाली. ताईने तिच्याकडून पाचवीच्या शिष्यवृत्तीचे जुने पेपर सोडवून घेतलेत आणि मी तपासलेत. चांगले आहेत. पण शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव असणं शक्य नाही, कारण तो अर्ज शाळाच भरते. लाल चांदणी आली इथे.

ज्या दिवशी आम्ही हे वाचत होतो त्याच आठवड्यात रस्त्याने ट्रॅक्टर जात होते. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोड निघते, हे मी सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. ट्रॉलीत संसार, त्यावर पोरं. ही मुलं शाळेच्या पटावर असतात, वर्गात नसतात. त्यांनी गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, कारखान्यावर गेली तर साखरशाळा होत्या, जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. यातलं काही चालतं, काही कागदावर. सातवी-आठवीत सुटलेली यातली बरीच पोरं काही वर्षांनी सतरा नंबरवर येतात, कधी मोबाईलच्या दुकानात काम करता करता, कधी भरतीचं वय निघून जाईल म्हणून.

ताईने खिडकीतून ती ट्रॉली पाहिली आणि म्हणाली, "त्यांच्याजवळ पाचवीचा दाखला असल का रे?" असेल बहुतेक. पटावर नाव आहे, आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा नाही, दाखला निघतो. म्हणजे पाच महिने फडात असलेल्या मुलीकडे पाचवीचा कागद आहे आणि पाचवीचं सगळं गणित येणाऱ्या आमच्या मुलीकडे नाही. यात कुणाचं नुकसान जास्त, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तरी त्या ट्रॉलीवरच्या पोरीशी अदलाबदल सुचवायचं धाडस झालं नाही. आमची बाहेर राहिली ती घरच्यांच्या मर्जीने. तिला कुणी विचारलं नव्हतं.

*

मग कोणती परीक्षा? मी एक्सेल उघडलं, सवयच आहे.

पहिला रकाना शाळेचाच. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या कलम १० प्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे, मात्र न घालणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही. दाजींना दुसरा अर्धा भाग तोंडपाठ आहे. पण त्याच कायद्याचं कलम ४ घरात कुणी वाचलं नव्हतं. कधी शाळेत न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा. म्हणजे भाची आज उठून थेट आठवीत बसू शकते, पाचवीचा दाखला न दाखवता. मेनंतर हे दार अवघड होत जाईल. गंमत अशी की सतरा नंबरचं दार चौदाव्या वर्षी उघडतं.

दुसरा रकाना राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ. २०१७ मध्ये शासनाने निर्णय घेतला. पाचवी, आठवी, दहावी, बारावी, चारही पायऱ्यांच्या परीक्षा शाळेबाहेरच्या मुलांसाठी.

तिसरा, एन.आय.ओ.एस., राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. हे १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून सुरू झालं, १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. दहावीला चौदा वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय, यादीतून निवडायचे. मराठी माध्यम आहे. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय करूनही चालतं. आणि आधीच्या इयत्तेचा दाखला नसेल तर स्वतःच लिहून द्यायचं, की मी हा अभ्यासक्रम करण्याइतपत शिकलेलो आहे.

हे वाचून मी खुर्चीतच मागे टेकलो. सरकारी फॉर्ममध्ये, चांदणीच्या जागी, उमेदवाराचा स्वतःचा शब्द.

मी लगेच ताईला फोन केला. फोन स्पीकरवर होता आणि बोलल्या ताईच्या सासूबाई. त्यांचा एकच प्रश्न होता : "उद्या डॉक्टर व्हायचं म्हणली तर?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा. अंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच हिप्परग्याच्या मुख्याध्यापकांच्या नावाचं : स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. लातूर तासाभरावर. इथे प्रत्येक घरातून एक तरी पोरगं नीटच्या क्लासला गेलेलं असतं. आणि आजींना जे माहीत नव्हतं ते असं, की त्यांची भीती काही वर्षांपूर्वी अक्षरशः खरी झाली होती. जानेवारी २०१८ मध्ये नियम बदलून मुक्त विद्यालयातून किंवा खाजगी विद्यार्थी म्हणून बारावी झालेल्यांना नीटसाठी अपात्र ठरवलं गेलं. मुलं कोर्टात गेली. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात रेंगाळलं. मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांची बारावी चालेल असं वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केल्यावर २०२४ मध्ये ते संपलं. इंजिनीअरिंगला अडचण तेवढी नव्हती. जेईईच्या पात्रता परीक्षांमध्ये एन.आय.ओ.एस.ची पाच विषयांची बारावी धरली जाते.

सहा वर्षं. एका मुलाची चौदा ते वीस ही वर्षं त्यात निघून जातात. घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक परीक्षा 'निवडतात' म्हणजे खरं तर हे करतात : चार-पाच वर्षांनी कोणत्या दारावर कोणती पाटी असेल याचा अंदाज बांधतात. अभ्यासक्रम कोणता चांगला हा प्रश्न फार नंतर येतो.

मालविका जोशीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईची मुलगी, आईने सातवीत शाळेतून काढलं. घरी प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक. बारावी नाही, म्हणून आयआयटीचा रस्ता बंद. २०१६ मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीने घेतलं. ही बातमी मी कॉलेजात असताना आमच्या ग्रुपवर फिरली होती आणि आम्ही सगळ्यांनी आयआयटीला शिव्या घालून घेतल्या. आज तिच्याकडे बघताना दुसरंच दिसतं. ऑलिम्पियाडने तिला बसू दिलं, चेन्नईच्या गणित संस्थेने तिला शिकू दिलं, असे दरवाजे एकामागोमाग सापडत गेले. आणि ती देशात पहिल्या चौघांत येणारी होती. माझी भाची हुशार आहे, तशी नाही. बहुतेक मुलं तशी नसतात. त्यांना दहावीच लागते.

*

यात एक गोष्ट राहून जात होती. पोरीला खरंच किती येतं?

माझा एक सिनियर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असतो, मूळचा लातूरचा. त्याची दोन्ही मुलं घरी शिकतात. तिथे नियम आहे की घरी शिकणाऱ्या मुलाने दरवर्षी एक प्रमाणित चाचणी द्यायची. कोणती द्यायची हे आईबाप ठरवतात आणि निकाल घरातच फाईलला लावून ठेवायचा, कुणी मागितला तर दाखवायचा. त्याच्या घरात वाद होतो तो आयोवाची चाचणी बरी की स्टॅनफर्डची, यावर. मी त्याला सतरा नंबर समजावून सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे चाचणी नाहीच, नुसता दाखला आहे."

अगदी तसं नाही. एक परीक्षा आपल्याकडे आहे जी घरी येते. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. कार्यकर्ते दारात येतात आणि पाच ते सोळा वर्षांच्या मुलांना वाचायला देतात : अक्षर, शब्द, परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मग वजाबाकी, भागाकार. मूल शाळेत जातं की नाही हे लिहून घेतात, पण न जाणाऱ्याची चाचणी चुकवत नाहीत. दाखला मागत नाहीत आणि देतही नाहीत. ती मुलाची परीक्षा नाहीच, जिल्ह्याची आहे. आमच्या घरी 'असर'वाले कधी आले नाहीत. आले असते तर भाची शेवटच्या पातळीला सहज पोचली असती आणि त्या कागदावर ती 'शाळेत नाही' या रकान्यात गेली असती. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहायची सोय असलेला तो एकमेव फॉर्म मला सापडला.

ताईला मी शेवटी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मेच्या आत शाळेत वयानुसार प्रवेशाचं विचारून या, नुसतं विचारा, आणि जाताना पोरीला बरोबर घेऊन जा. दोन, नाही पटलं तर एन.आय.ओ.एस. ताईला दुसरं आवडलं. दाजींना पहिलं, याचं मला आश्चर्य वाटलं. लीलावतीवाले दाजी! ते म्हणाले, "दुकानात माणसं विचारतेत, मला उत्तर द्यावं लागतंय." आजींना अजून नीटची खात्री वाटत नाही.

भाचीला मी विचारलं. तिने स्वतः लिहून द्यायच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. "मामा, करण्याइतपत म्हणजे किती?" मी म्हणालो, ते कुणी तपासत नाही. तिला ते पटलं नाही. आता ती रोज संध्याकाळी ताईकडून आठवीचे पेपर मागून घेते आणि घड्याळ लावून सोडवते.

दरम्यान जन्मदाखला काढून बघितला, कारण कोणताही रस्ता धरला तरी तो लागतोच. त्यावर तारीख बरोबर आहे, आईवडिलांची नावं बरोबर आहेत. मुलीच्या नावाचा रकाना रिकामा आहे. बारशाच्या आधी नोंद केली आणि नंतर कुणी फिरकलं नाही. नाव घालायला पंधरा वर्षांची मुदत असते. सध्या दाजी त्या कामाला लागले आहेत.